निरोगी बालकाचा फोटो

राहनाळमध्ये माझी तीन गोदामं आहेत आणि गळ्यात जाड चेन, म्हणून लोक मला समाजसेवक म्हणतात. म्हणत नसले तरी फ्लेक्सवर मी तसं छापून घेतो. भिवंडीच्या डॉक्टर मेहरीन आल्या आणि म्हणाल्या, "हिरामणदादा, मुलांच्या रक्ताच्या कॅन्सरबद्दल गावात बोलायचंय. लोकांना लक्षणंच माहीत नाहीत." मी लगेच कामाला लागलो, म्हणजे फ्लेक्सच्या.

वीस फुटी फ्लेक्स. मधोमध मी, हात जोडून. भोवती बावीस शुभेच्छुक, कारण एकाचा फोटो राहिला तर वर्षभर रुसवा. लक्षणं तळाशी, माझ्या बुटांजवळ, मुंगीएवढ्या अक्षरांत. कोपऱ्यात एक निरोगी बालक हवं होतं, म्हणून मी आमची सुकन्या निवडली, धाकट्या भावाची सहा वर्षांची पोर. घरचे आम्ही सगळे रापलेले, आणि ही दोन महिन्यांत कशी गोरीपान झाली होती! कोणी म्हणे हळद-साय, कोणी म्हणे दूध. मी श्रेय दिलं माझ्या नव्या वॉटर फिल्टरला.

फोटोत तिच्या पायांवर निळे डाग दिसत होते. पळते, पडत असेल, असं म्हणून मी ते फ्लेक्सवाल्याकडून पुसून घेतले. कॉम्प्युटरवर एका मिनिटात गेले.

कार्यक्रमाच्या दिवशी मेहरीन मॅडम वाकून लक्षणं वाचत होत्या. मग त्यांनी कोपऱ्यातला फोटो पाहिला आणि मग सत्काराचं ताट घेऊन उभ्या असलेल्या सुकन्याकडे बघितलं. जवळ जाऊन त्यांनी तिची खालची पापणी ओढून बघितली.

"हिला ताप येतो का?"

"येतो, जातो," तिची आई तुळजा म्हणाली. "पाय दुखतान म्हनून रडते."

"आणि हे डाग कधीपासून आहेत?"

मी चेन नीट करत राहिलो.

मॅडमनी मला बाजूला घेतलं. "दादा, ही गोरी नाही झाली. अंगातलं रक्त कमी झालंय. कॅन्सरच आहे असं मी म्हणत नाही, पण रक्ताची तपासणी आत्ताच करायची."

आता मी काय म्हणावं? मी म्हणालो, "पाव्हनं वाटंवर हायत. तासभर थांबा. पोरीच्या हातनं सत्कार होऊन जाऊं दे."

तुळजा माझ्यासमोर कधी मान वर करून बोललेली नव्हती. तिने पोरीच्या हातातलं ताट काढून घेतलं आणि माझ्या हातात दिलं.

"भावजी, सत्कार तुमी करा," ती म्हणाली, आणि पोरीला कडेवर घेऊन रिक्षाकडे चालू लागली.

तपासणीत जे निघायला नको होतं तेच निघालं. आता मुंबईत उपचार चालू आहेत. वेळेत कळलं, बरी होण्याची आशा चांगली आहे, असं तिथले डॉक्टर म्हणतात. ते ऐकलं की मला रडू येतं, आणि लाजही वाटते.

हल्ली मी फ्लेक्सशिवाय पूर्णा, वडपे, कुठेही बोलायला जातो. गोरेपणाला कसा भुललो, डाग कसे पुसून घेतले, सगळं सांगतो. लोक आधी हसतात. मग आया आपापल्या पोरांच्या पापण्या ओढून बघू लागतात. शेवटी माझ्या प्रांजळपणाबद्दल टाळ्या पडतात आणि मी हात जोडतो. तासभर थांबा म्हणालो होतो, तेवढं मात्र मी अजून कुठल्याच गावात सांगितलेलं नाही.