रांजणाची नक्कल

प्यो यंगरानने उभारलेल्या सेटवर लोक फसायचे. तिच्या खोट्या खानावळीत एकदा एक म्हातारा खरंच जेवायला येऊन बसला होता, आणि ही गोष्ट ती ज्याला त्याला सांगायची. कोरियन सिनेमात या कामात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. घरी मात्र ती पाहुणीच. आई अंथरुणाला खिळली तेव्हा बाईसाहेब बुसानला खोटं बंदर उभारत होत्या. आईचं हवं-नको दाम्यांग गावातल्या घरी थोरल्या बहिणीने, जंगनामने बघितलं.

म्हणून आई गेल्यावर हिने तिचा सोया सॉसचा रांजण शूटिंगला मागितला, तेव्हा जंगनाम भडकलीच.

"परसात रिकामे रांजण पडलेत, त्यातला ने की!"

"ताई, झाकण उघडल्यावर आतला सॉस दिसायला हवा. तो काळा रंग विकत मिळत नाही गं. पुढच्या दृश्यात तो फुटतो, पण फोडायला मी दुसरा करून घेतेय."

तो सॉस म्हणजे घराचं विरजण होतं. दरवर्षी नव्या सॉसमध्ये त्यातलं थोडं पडायचं, आजीच्या सासूपासून. आईच्या हातचं आता तेवढंच उरलं होतं.

"वर्षश्राद्धाच्या आत परत आण," ताईने बजावलं. "आईच्या नैवेद्याचा रस्सा त्याच सॉसमध्ये व्हायला हवा. तिच्यासाठी एवढं तरी कर."

यंगरानने नक्कल करून घेतली ती अगदी हुबेहूब. काठाचा टवका, पोटावरचे मिठाचे डाग, काही सुटलं नाही. आत रंगवलेलं पाणी भरलं, म्हणजे वजनही तेवढंच. झाकण उघडायचं दृश्य झकास झालं. फोडायच्या दिवशी मात्र पावसाची सर आली, कामगारांनी दोन्ही रांजण घाईघाईने छपराखाली ओढले आणि कोणता कुठला याचा घोळ झाला.

"मॅडम, झाकण काढून बघू या का?" तिची मदतनीस दोबिन म्हणाली.

"अशा आभाळात? आई म्हणायची, ढगाळ हवेत उघडला की सॉस नासतो." मग जरा तोऱ्यात, "आणि मी केलेली वस्तू मला ओळखू येणार नाही होय?"

तिने दोन्ही रांजण बोटांनी वाजवले, कान देऊन ऐकलं आणि फोडायला डावीकडचा दाखवला.

नटीने दगड घातला. आधी वास आला, आईच्या कपड्यांना यायचा तो.

"वा! काय फुटलाय!" दिग्दर्शक ओरडला. यंगरान गुडघ्यांवर बसून ओंजळीने सॉस गोळा करत होती. हाताला चिखलच लागत होता. जगाच्या वस्तू ओळखणाऱ्या बाईला आईची वस्तू ओळखता आली नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा.

वर्षश्राद्धाच्या सकाळी ती नक्कल घेऊन दाम्यांगला गेली. फसवायचं तिच्या मनात नव्हतं. रांजणाची जागा पाहुण्यांना रिकामी दिसू नये, आणि ताईला सगळं सांगून टाकावं, एवढंच तिने ठरवलं होतं.

पण ती तोंड उघडायच्या आत जंगनाम फडकं घेऊन धावत आली. रांजण पुसता पुसता तिचे डोळे भरून आले.

"आलीस गं घरी! आई, बघ, आणला हिने. मी उगाच हिच्यावर चिडले."

लोकांनी फसावं म्हणून यंगरानने अख्खा जन्म घातला होता. आज तिला तिथेच मरून जावंसं वाटलं.

"ताई, हा आपला नाही."

"चल! माझा रांजण मला शिकवतेस?" हसत हसत जंगनामने झाकण काढलं, पळी बुडवली आणि जिभेला लावली.

तिने पळी पुन्हा बुडवली आणि पुन्हा चाखून बघितलं.

"आपला कुठाय?"

"फुटला. मीच दाखवला, हा फोडा म्हणून."

ताईने दोन थोबाडीत द्याव्यात, असं यंगरानला फार वाटलं. जंगनामने पळीतलं पाणी मातीवर ओतलं आणि झाकण नीट बसवलं.

"आत ये. पाहुणे येतील," ती म्हणाली आणि चुलीवरच्या रश्श्यात सॉसऐवजी मीठ घालायला गेली.