आमच्यांचा कोट

आत्याच्या लॉन्ड्रीत कपड्यांना नंबर नसत, नाती असत. कोट धुऊन टांगला की आत्या कॉलरला टाचणीने चिठ्ठी लावी. 'वाण्याच्या मेव्हण्याचा'. 'मोठ्या मास्तरांच्या धाकट्याचा'. चिठ्ठी आत्याच्या तोंडची असे, गिऱ्हाइकाच्या नव्हे. भाचीला सगळं शिकवताना एवढंच सांगायचं राहिलं.

भाचीला शहरात आणि कामावर येऊन जेमतेम आठवडा झाला होता. काल दुपारी आत्या साबण आणायला गेली, तेवढ्यात पुलावरच्या आजी आल्या. त्यांची नजर अधू. गल्ल्याशी टेकून म्हणाल्या, "आमच्यांचा कोट झाला असेल तर दे गं बाई."

भाचीने कोट चाळले. शेवटच्या हुकावर एक जाड करडा कोट होता आणि त्याच्या चिठ्ठीवर स्वच्छ अक्षरात 'आमच्यांचा' असं लिहिलेलं होतं. तिने तो घडी घालून दिला.

तो आत्याच्या यजमानांचा होता. यजमान गेल्यापासून आत्या दर थंडीला तो पेटीतून काढी, धुई, दुकानात टांगी आणि थंडी सरली की परत ठेवून देई. आजींच्या यजमानांचा कोट शेजारच्याच हुकावर होता. त्यावर 'पुलावरच्या आजोबांचा' अशी चिठ्ठी होती.

सकाळी आत्याला रिकामा हूक दिसला आणि कोट कुणाला दिला ते तिने भाचीला विचारून घेतलं. तिने आजोबांचा कोट पिशवीत घातला, शाल लपेटली, शटर ओढलं आणि म्हणाली, "चल."

"कुठे?"

"ज्यांना दिलास त्यांच्याकडे."

"पत्ता आहे?"

"पत्ते ठेवायला मी काय पोस्ट उघडलंय? पुलाच्या अलीकडे घर, खाली सायकलवाला, लाकडी जिना. आजी येता-जाता सांगायच्या. लोक याहून कमी माहितीवर देव शोधायला निघतात, आपल्याला तर नुसत्या आजी शोधायच्यात."

गाडीत उबारा होता. काचा धुरकटल्या होत्या. भाचीने बाहीने एक गोल पुसला आणि त्यातून शहर पाहू लागली. आजवर तिने घर ते दुकान एवढाच रस्ता पाहिला होता. रुळांना घरांच्या पाठी लागून होत्या. स्वयंपाकघरांच्या खिडक्या, कुंड्या, गॅलरीत दोरीवर पुठ्ठ्यासारखे ताठ झालेले शर्ट. "पिळले नाहीत नीट," आत्या म्हणाली. मग ती डब्यातले कोट पाहू लागली. दर स्टेशनला नवे कोट चढत, जुने उतरत. करडा दिसला की तिची मान वळे.

"आत्या, तो नाही ना?"

"त्याची कॉलर बघ. कुत्र्याने चघळल्यासारखी. तुझ्या काकांच्या कोटाची कॉलर मी अशी होऊ देईन?"

पुलाच्या आधीच्या स्टेशनला त्या उतरल्या. रस्त्यावर दंव होतं, बोलताना तोंडातून वाफ निघत होती. पहिल्या सायकलवाल्याच्या वर शिकवणी चालायची. दुसऱ्याच्या वर कुलूप होतं. तिसरा चाकात हवा भरता भरता म्हणाला, "आजी? मावशी, वर माझी सासू असते. तिचा कोट हवा असेल तर सासूसकट घेऊन जा."

भाचीला हसू आलं. आत्याला आलं नाही. ती नदीकाठच्या बाकावर बसली आणि पिशवी मांडीवर घेतली.

"यांच्या कोटाचं वरचं बटण तुटलं होतं," ती म्हणाली. "हे असतानाच. लावून देते म्हटलं की म्हणायचे, राहू दे, वारा लागला की कळतं जिवंत आहोत. मग मीही लावलं नाही."

समोर पूल धुक्यात अर्धाच दिसत होता. पलीकडून एक गाडी आली आणि डोक्यावरून धडधडत गेली. ती गेली त्या दिशेकडे भाची बघत राहिली.

"आत्या, मी परवा आईला फोनवर म्हटलं, नदीच्या पलीकडे सगळं ठीक आहे. तू हसलीस. म्हणालीस, आपण तर अलीकडे राहतो."

"मग? तू अजून मनाने गावातच आहेस."

"आजीही मनाने घरीच असतील. अलीकडे म्हणजे त्यांच्या अलीकडे."

आत्याने तिच्याकडे पाहिलं. "हे तासाभरापूर्वी सुचलं असतं तर तीन सायकलवाले वाचले असते," ती म्हणाली आणि उठली.

गाडीची वाट न पाहता त्या पुलावरून चालत गेल्या. वारा शालीतून आरपार जात होता. पूल उतरल्यावर पहिल्याच वळणाला सायकलचं दुकान, शेजारी लाकडी जिना, आणि जिन्यासमोरून एक म्हातारे गृहस्थ पावाची पिशवी घेऊन सावकाश चालले होते. पाठमोरे. अंगात करडा कोट.

आत्या जागीच थांबली. ते जिन्याशी पोहोचून वळेपर्यंत थांबली.

वरच्या खोलीत सगळा उलगडा झाला तेव्हा आजींनी कोट हातांनी चाचपला, मग आजोबांच्या दिशेने तोंड केलं. "म्हणजे तुम्ही कालपासून दुसऱ्याचा कोट घालून हिंडताय? आणि तुम्हाला कळलं नाही?"

"कळलं की. खांद्यात केवढा ऐसपैस आहे."

"मग बोलला का नाहीत?"

"तू म्हणालीस, कसा नव्यासारखा झालाय, किती शोभतोय. चाळीस वर्षांत पहिल्यांदा म्हणालीस. मी कशाला मोडता घालू?"

आजी जरा लाजल्या. मग आत्याला म्हणाल्या, "हिचं काही चुकलं नाही हो, मीच बघून घ्यायला हवा होता. आणि वरचं बटण नव्हतं, ते मी काल लावलं. चाचपडत लावलंय. रंग जुळतोय का?"

बटण निळं होतं.

"जुळतोय," आत्या म्हणाली.

तिने आजोबांना त्यांचा कोट दिला आणि करडा कोट हातावर घेतला. पाव खाऊन जा म्हणून आजींनी फार आग्रह केला, पण मागे लॉन्ड्री बंद होती.

खाली स्टेशनवर गाडीला वेळ होता. फलाटावर वारा सुटला होता. आत्याने शाल सोडून भाचीच्या गळ्याभोवती गुंडाळली, कोट अंगात घातला. बाह्या बोटांच्या पुढे आल्या. तिने वरचं बटण लावून पाहिलं, पुन्हा काढलं, आणि काढलेलंच ठेवलं.

गाडीत बसल्यावर भाचीने विचारलं, "आता चिठ्ठीवर काय लिहायचं, आत्या? परत कुणी 'आमच्यांचा' म्हणून मागायला आलं तर?"

"चिठ्ठी टांगलेल्या कोटाला लागते," आत्या म्हणाली, आणि कोटाच्या बाहीने काच पुसून बाहेर बघू लागली.