नऊ फळ्यांचं दुकान

लमियतची थोरली लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली नि तिला मुलगा झाला, ते बुद्धसंवत २५०९ चं वर्ष. त्याच वर्षी आषाढात लमियतने धाकट्या मुलाला, थविनला, भिक्षू करायचं ठरवलं. तिला घाई होती. आदल्या कार्तिकातल्या होड्यांच्या शर्यतीत थविनने पलीकडच्या काठच्या छोतच्या तोंडावर वल्हं हाणलं होतं. छोतचा डावा डोळा गेला. तेव्हापासून तो आपला रेती वाहणारा पडाव बाजाराच्या धक्क्याला लावायचा आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणायचा, "मी त्याचे दोन्ही घेईन." दोनदा त्याने थविनला गाठलं. एकदा बरगड्या मोडल्या, एकदा बांबूने पाठ सोलून काढली. भगव्या वस्त्रातल्या माणसावर मात्र तोही हात टाकणार नव्हता. पोरगं विहारात जिवंत पोचावं, लमियतला एवढंच हवं होतं.

सकाळी धक्क्यासमोरच्या त्यांच्या दुकानातच थविनचं डोकं भादरलं, भुवयासुद्धा. पांढरे कपडे चढवले. अशा मुलाला नाग म्हणतात. मिरवणूक निघेपर्यंत त्याने उंबरा ओलांडू नये, त्या वेळी त्याच्यावर घात टपलेला असतो, असं सगळेच मानतात. पण ज्याचं वाईट केलं त्याची क्षमा मागितल्याशिवायही नाग जात नाही.

"तो समोरच आहे आई. तीस पावलं."

"निरोप पाठवलाय. येईल इथे."

"डोळा मी फोडायचा आणि चालत त्याने यायचं?"

शेजारची औषधवाली हुआय मावशी हसली. "जाऊ दे गं. पांढऱ्या कपड्यातल्याला कोण मारतंय? आणि हे बिनभुवयांचं तोंड बघून त्याला हसूच फुटेल."

लमियतने फुलांचं तबक मुलाच्या हातात दिलं.

छोत पडावाच्या कडेला बसून तांदळाची दारू पीत होता. थविनने धक्क्यावर गुडघे टेकले.

"या, नागोबा. काय आणलंत? माझा डोळा?"

"चुकलो, दादा. माफ कर."

"लग्न ठरलं होतं माझं. मोडलं. त्या पोरीकडे पण फुलं घेऊन जाणार आहेस का?"

त्याने एकेक फूल उचलून नदीत टाकलं. तबक रिकामं झाल्यावर तेच थविनच्या तोंडावर हाणलं. नाक फुटलं, पांढरा सदरा लाल झाला. मग छोतने दोर तोडायचा कोयता उचलला.

"कोयता!" कुणीतरी ओरडलं.

या बाजारात दुकानाला दार नसतं. सुट्या सागवानी फळ्या असतात, आकडे घातलेल्या. त्या क्रमाने खाचेत सरकवायच्या नि आतून अडसर टाकायचा. पूर्वी एकदा गुंड दुकानांत शिरले होते, दोन माणसं कापली गेली होती. तेव्हापासून मारामारीचा ओरडा झाला की सगळा बाजार फटाफट बंद होतो. लमियतने तीस वर्षं हेच केलं होतं. आज पाच फळ्या सकाळपासून लावलेल्याच होत्या. ओरडा कानावर पडला आणि तिचे हात चालू लागले. सहावी, सातवी, आठवी. नववी बसली, अडसर पडला, आणि मग तिला कळलं की मुलगा बाहेर आहे.

फळ्यांवर धाडकन अंग आदळलं.

"आई! उघड!"

ती अडसर ओढत होती. थविन सगळा जोर लावून बाहेरून रेटत होता, त्यामुळे फळ्या अडसराला चिकटून घट्ट बसल्या होत्या. अडसर तसूभरही हलेना. तिची नखं उलटली.

"रेटू नको! मागे हो, बाळा, जरा मागे हो!"

तो लहानपणापासून आईचं ऐकणारा होता. मागे झाला. अडसर लगेच सुटला. तिने नववी फळी उपसली तेव्हा पहिला घाव मानेवर बसला होता, दुसरा तिच्या डोळ्यांदेखत बसला.

छोत तिच्याकडे वळला. "मावशी, आता फिटलं," तो म्हणाला.

हातातली फळी तिने दोन्ही हातांनी फिरवली. ती त्याच्या कानशिलावर बसली. तो पडला. ती हाणत राहिली, फळी उभी चिरली तरी हाणत राहिली. शेवटी हुआय मावशीच्या नवऱ्याने तिला मागून कवेत धरलं.

थविन आषाढी पौर्णिमेच्या पाच दिवस आधी, सकाळी, स्वतःच्या दुकानासमोर मेला. तो एकवीस वर्षांचा होता. छोत तिसऱ्या दिवशी दुपारी मेला. लमियत अकरा वर्षांनी, २५२० च्या पौषात, तुरुंगात मेली.