अंतर्याम आवृत्ती आणि क्षमेचे रुमाल

शेवटी प्रचारकाचे पुढचे दोन दात पडले, व्यासपीठ मोडलं आणि पुस्तकाचं बिंग फुटलं. पण तसं काही झालंच नाही. चर्चच्या समितीने लेखी कळवलं आहे की रविवारची सभा प्रार्थनेने सुरू झाली, प्रार्थनेने संपली आणि मधे विचारांची देवाणघेवाण झाली. समिती खोटं कशाला बोलेल? तेव्हा काहीच झालं नाही. ते कसं झालं नाही, एवढंच सांगतो.

आदल्या रविवारी सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. दातांची डॉक्टरीण मागच्या भिंतीला चिकटून उभी होती. तिला वहिनीने दंडाला धरून आणलं होतं. दादा, म्हणजे तिचा थोरला भाऊ, पहिल्या रांगेत बसला होता. दादा-वहिनीची लॉन्ड्री होती. दादा इस्त्री करायचा आणि गिऱ्हाइकांशी बोलायचा. वहिनी दिवसभर धुण्याच्या सोड्यात कोपरापर्यंत बुडालेली असायची.

व्यासपीठावर प्रचारक घाम पुसत गरजत होता. "बंधूंनो, भगिनींनो! आमच्या प्रकाशनाने काय नाही दिलं? पाण्यात न भिजणारं बायबल दिलं. अंधारात चमकणारं दिलं. चालकांसाठी मुखपृष्ठावर हॉर्न बसवून दिलं. केस गळणाऱ्यांसाठी धीराची वचनं ठळक करून दिलं. पण वाचक म्हणाले, आम्ही पुस्तक वाचतो, पुस्तक आम्हाला कधी वाचणार? तर घ्या! अंतर्याम आवृत्ती! पहिलं पान कोरं. हात ओला करा, पानावर ठेवा. मन स्वच्छ, तर पान पांढरं. पाप असेल, तर रक्त!"

"आणि आतला मजकूर?" डॉक्टरणीने मागून विचारलं.

"मजकूर तोच आहे, ताई." प्रचारक जरा ओशाळला. "तो बदलायची परवानगी मिळाली नाही."

पवित्र पुस्तकाला हात लावायचा म्हणून भाविक मंडळी बाहेरच्या बेसिनवर साबणाने हात चोळून आली. प्रत्येकासाठी नवी प्रत उघडली जात होती. नर्सने हात ठेवला. पानावर लालभडक पंजा उमटला. न्हाव्याने ठेवला. लाल. खानावळीत भांडी घासणारी पुढे आली. तिचा पंजा तर इतका लाल, की पहिल्या रांगेतल्या दोन बायकांनी डोळे मिटले.

मग हातोड्या उठला. हा वसुलीचं काम करायचा. त्याच्या उजव्या हाताची बऱ्याच जणांना ओळख होती, जबड्यापासून. हात धुणं हा त्याच्या मते बायकी नाद होता. त्याने वाडग्यातल्या पाण्यात तळवा बुडवला आणि पानावर आपटला.

पान पांढरंशुभ्र.

सभागृह गार पडलं. सगळ्यात जास्त धक्का हातोड्यालाच बसला होता. "परत करू का?" त्याने हळूच विचारलं.

त्याच्या दंडावर 'शुद्ध' अशी पट्टी बांधण्यात आली. पहिलं शुद्ध कार्य म्हणून त्याने न्हाव्याला कॉलरला धरून पायऱ्यांवरून खाली सोडलं. न्हाव्याने एकही पायरी वाया घालवली नाही.

"थांबा, थांबा!" प्रचारकाने पिशवीतून चकचकीत पुड्या काढल्या. "पाप आहे तिथे क्षमाही आहे! क्षमेचे ओले रुमाल! पुस्तकासोबत सवलतीत!" रुमाल फिरला, की लाली गायब. नर्स रडत रुमाल घेत होती, आणि तिचा नवरा तिचा दंड पिरगाळत सुटे पैसे शोधत होता.

मग वहिनीची पाळी आली. पान लाल झालं. रुमाल फिरवला, तरी लाल. दुसरा फिरवला, तरी गुलाबी. तिसऱ्यानेही डाग हटेना. प्रचारक खरोखरच गोंधळला, पण धंद्याचा माणूस तो. आवाज खोल नेऊन म्हणाला, "हे क्षमेच्या पलीकडचं आहे."

"कोण आहे तो?" दादा उठला.

"अहो, कोण म्हणजे?"

दादाने तिला सगळ्यांदेखत मुस्कटात मारली. ती खुर्च्यांवर पडली. डॉक्टरीण गर्दी कापत पोचेपर्यंत त्याने दुसरी ठेवून दिली होती. पाळकांनी, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंनी, तोडगा काढला: पुढच्या रविवारी पुन्हा परीक्षा. तेव्हाही पान लाल झालं, तर ही बाई मंडळीबाहेर आणि घराबाहेर. हातोड्याने स्वतःहून पुस्ती जोडली, "लॉन्ड्रीचं काय ते मी बघतो." आणि काडेपेटी हलवून दाखवली.

त्या आठवड्यात डॉक्टरणीच्या दवाखान्यात बसायला जागा उरली नाही. घरोघरी परीक्षा चालू होत्या. नवऱ्याने बायकोची घेतली, सासूने सुनेची, सुनेने लाटणं हातात घेऊन सासूची. "हलतोय," म्हणत लोक दात दाखवायचे आणि कुणी हलवला ते सांगायचे नाहीत. हातोड्याचं बघून हात धुणं लोकांनी सोडूनच दिलं. त्यामुळे पुण्य वाढलं आणि जुलाब सुरू झाले.

वहिनी आली ती गाल धरून. दाढेचा टवका उडाला होता. पदराखाली पुस्तकाची प्रत होती.

"आ कर. आणि हे खाली ठेव आधी."

"वन्सं, मी आठवतेय गं," ती तोंडात कापूस असतानाच बोलू लागली. "लहानपणी बहिणीची रिबन लपवली होती. ते असेल का?"

"रिबनीसाठी रक्त?"

"मग दुसरं काहीतरी असेल. मला कळेना, पण पान म्हणतंय म्हणजे केलंच असेल. झोपेत काही केलं असेल का?"

डॉक्टरणीच्या हातातलं हत्यार थांबलं. दाढ दुरुस्त करता येते. पण ही बाई स्वतःच स्वतःविरुद्ध पुरावा शोधत बसली होती, आणि शोधत राहिली तर रविवारपर्यंत तिला तो सापडलाही असता.

दाढेच्या मुळात भरायची पांढरी पूड डॉक्टरणीने पाण्यात कालवली, तेव्हा ती हातमोज्याला लडबडली. ही पूड म्हणजे चुन्याचीच शिकली-सवरलेली बहीण. पुस्तक अजून वहिनीच्या मांडीवर उघडं होतं. "बाजूला घे म्हटलं ना!" म्हणत तिने ते स्वतःच उचललं.

कोऱ्या पानावर तिच्या हातमोज्याची पाचही बोटं रक्तासारखी लाल उमटली.

डॉक्टरणीने हातमोजा उलटसुलट करून पाहिला.

"वहिनी," डॉक्टरीण हळूच म्हणाली, "हा हातमोजा आज सकाळीच पाकिटातून काढलाय. एवढ्यात कुणाशी लफडं केलं असेल यानं?"

मग तिने क्षमेचा रुमाल फोडून हुंगला. नाक आक्रसलं. लिंबू.

रविवारी सभागृहात निम्मे लोक पट्ट्या बांधून आले होते. काहींच्या दंडावर, काहींच्या डोक्याला. हातोड्या वहिनीच्या मागेच उभा होता. डॉक्टरीण सरळ व्यासपीठावर चढली.

"साहेब, अभिनंदन! आवृत्ती संपली म्हणे!" तिने प्रचारकाचा हात दोन्ही हातांत घेऊन प्रेमाने दाबला. तिच्या तळव्यांना काय फासलेलं होतं ते त्याला दिसलं नाही. "परीक्षेआधी एकदा तुम्हीच ठेवून दाखवा ना हात. लोकांना धीर येईल."

प्रचारकाने हसत हात ठेवला. पान पेटल्यासारखं लाल झालं.

मग हातोड्याची मूठ आली आणि दोन दात व्यासपीठावर घरंगळले.

"पुस्तकानं चोर पकडला!" कुणीतरी किंचाळलं. "काय पुस्तक आहे!" आणि सगळी मंडळी तुटून पडली. हा हिशेब डॉक्टरणीने केलेला नव्हता. भांडाफोड करायला आली होती ती, आणि पुस्तकाचा आणखी एक चमत्कार झाला होता. खुर्च्या उडाल्या. व्यासपीठाची फळी मोडली. प्रचारक टेबलाखाली आणि त्याच्यावर चौघं. एका खुर्चीचा पाय डॉक्टरणीच्या खांद्यावर बसला.

"सोडा त्याला! मूर्खांनो, तो पापी नाही, भामटा आहे! दोन्हीत फरक आहे!"

कुणी ऐकेना. ती धावत बाहेर गेली, बेसिनवरची साबणाची ओली वडी घेऊन आली आणि पानावर दाबली. लाल चौकोन उमटला. तिने पुस्तक गर्दीसमोर उंच धरलं.

"बोला! या साबणानं कुणाची बायको पळवली?"

एकजण हसला. मारणाऱ्यांचे हात जरा ढिले पडले. तेवढ्यात ती चुन्याची भिंत ओली करून पान तिला लावत होती. भिंतही पापी निघाली.

"पानाला एक औषध फासलंय. शाळेच्या प्रयोगशाळेत असतं ते. साध्या पाण्यात रंग नाही. साबण, सोडा, चुना लागला की लाल. लिंबू लागलं की लाली गायब, आणि त्या रुमालात लिंबूच आहे. जो हात धुतो तो पापी, जो धूत नाही तो संत! आणि माझी वहिनी बारा महिने तुमचेच कपडे सोड्यात धुते. तिच्या हाताच्या भेगांत एवढा सोडा आहे की यांची क्षमा कमी पडली!"

"खोटं," हातोड्या म्हणाला, पण दंडावरची पट्टी चाचपत.

"मग धू हात. साबणानं. आयुष्यात एकदा."

सगळं सभागृह त्याच्या मागून बेसिनपर्यंत गेलं आणि परत आलं. हातोड्याने ओला हात नव्या प्रतीच्या पानावर ठेवला. लाल. त्याने स्वतःच्या तळव्याकडे असं पाहिलं, जणू तो दुसऱ्याचा आहे. त्याच्या आजूबाजूचे चार जण गुपचूप मागे सरकले.

मग डॉक्टरणीने वहिनीच्या हातांवर लिंबू पिळलं. भेगांतून झोंबलं, तशी ती कळवळली. पण तिने हात आणखी एका कोऱ्या पानावर ठेवला आणि ठेवूनच उभी राहिली. पान पांढरंच राहिलं.

"म्हणजे मी काहीच केलं नव्हतं?"

"नाही."

"झोपेतसुद्धा?"

"नाही गं, वहिनी."

तिने पदराला हात पुसले, पहिल्या रांगेपर्यंत चालत गेली आणि दादाच्या कानाखाली अशी वाजवली की मागच्या रांगेतली पोरं टाळ्या पिटू लागली. "हे मात्र मी केलंय," ती म्हणाली. "याचा डाग कुठं उमटतोय का, बघा."

दादाने पाहिलं नाही. तो खाली बघत होता.

लोकहो, कोणताही कागद माणसाचं मन वाचत नाही. कागद फार तर हाताला काय लागलंय ते सांगतो, आणि तेवढं आपल्यालाही दिसतं. तेव्हा हात उगारण्याआधी विचारा: हे कशानं झालं? हुंगा, चाखू नका, धुऊन बघा, पुन्हा करून बघा. एवढं केलं असतं, तर शहाणपण यायला जबडे मोडावे लागले नसते.

डॉक्टरणीने दुसऱ्या दिवशी प्रकाशनाच्या मुख्य कार्यालयाला अर्ज पाठवला. तो असा: "विनंती अर्ज करण्यात येतो की, सदर पुस्तकाची पुढील आवृत्ती हॉर्न, सुगंध, चमक, रुमाल व रक्त यांपैकी काहीही न जोडता, केवळ आतील मजकुरासह, लोकांनी वाचावी एवढ्याच हेतूने काढण्यात यावी. तसेच तीत शेजाऱ्यावर प्रेम करण्याविषयी जे काही छापलेले आहे, ते विक्री विभागाने एकदा नजरेखालून घालून तसा लेखी अहवाल सादर करावा, ही नम्र विनंती. कळावे."