लालीच्या रक्ताची कुल्फी

मी एक जुनी कुल्फीची पेटी आहे, मित्रांनो, आणि मला इतका आनंद झालाय की माझं झाकण नीट बसत नाहीये.

माझा जन्म शहाद्याचा, तेलाच्या डब्यांपासून झालेला. पाठीवर 'शुद्ध शेंगदाणा' हे शब्द अजून वाचता येतात. प्रकाशा गावच्या चुनीलालभाऊंनी मला सायकलला बांधलं. देवदर्शनाला आलेले लोक आधी मला शोधत, मग देवळाची वाट विचारत. पुढे भाऊंनी फ्रीजर घेतला आणि मी गोठ्यात गेले. तिथे एक कोंबडी माझ्यात अंडी घालू लागली. पिल्लं काही निघाली नाहीत. दोष माझ्या थंड स्वभावाला देण्यात आला.

यंदा दोधू मेंढपाळाचा कळप भाऊंच्या वावरात खतासाठी बसला, आणि मेंढ्या मरू लागल्या. मग कळपाची पुढारीण लालीच आडवी झाली. अंगात ताप, पापण्या आतून पांढऱ्याफटक, कानामागे गोचिडांची वसाहत. जंतांचं औषध वाया गेलं होतं.

जनावरांच्या डॉक्टर दामिनीताई म्हणाल्या, "गोचिडांमुळे येणारे ताप दिसतात सारखे, पण औषधं वेगळी असतात. रक्त थंड ठेवून लोणखेड्याच्या प्रयोगशाळेत न्यायला हवं."

त्यांच्या शीतपेटीचं झाकण त्याच सकाळी एका बोकडानं खाल्लं होतं.

"मन्ही पेटी शे ना!" भाऊ ओरडले.

मला घासूनपुसून बर्फ भरला आणि त्यात लालीच्या रक्ताची नळी ठेवली. ताई स्कूटरवरून पुढे गेल्या. मागून भाऊंची मोटारसायकल, त्यावर दोधू आणि त्याच्या मांडीवर मी. वाटेत भिकन या जुन्या गिऱ्हाइकानं हात केला.

"चुनीभाऊ, एक मलई दे!"

"आज नही रे. आज मेंढीनं रगत शे."

भिकननं क्षणभर विचार केला. "मंग साधी दे."

प्रयोगशाळेत ताईंनी मला उघडलं आणि त्यांचा चेहरा उतरला. नळीतलं रक्त टणक गोठलं होतं.

"काका, बर्फात मीठ टाकलंत?"

"टाकं ना! मीठ नही टाकं ते गारवा कसा धरी?" भाऊंच्या आवाजात आयुष्यभराचा अनुभव होता.

"रक्ताची कुल्फी झाली हो!"

दोधू पुढे सरकला. "मंग मन्ही लाली मरी जाई का, ताई?"

ताईंनी नळी उजेडात धरली. "थांब. पेशी फुटल्या, सूक्ष्मदर्शकाखाली आता काही दिसायचं नाही. पण आपण जंतूचा डीएनए शोधतोय. तो गोठल्यानं बिघडत नाही!"

मित्रांनो, तिथलं यंत्र आलटून पालटून गरम आणि थंड होतं. मला अर्धंच जमतं, म्हणून थोडा हेवा वाटला. जंतूच्या डीएनएचा एवढासा तुकडा घेऊन ते त्याच्या नकलांवर नकला काढतं, इतक्या की लपायला जागाच उरत नाही. संध्याकाळी पडद्यावरची रेघ सरसर चढली.

"सापडला!" ताई खुर्चीवरून उठल्याच. "अॅनाप्लाझ्मा! याचं औषध आहे माझ्याकडे!"

भाऊंनी दोधूला मिठी मारली. मी मध्ये होते.

ताईंनी सुया सुरू केल्या. दोधू माझ्यावर बसून लालीच्या उशाशी राहिला. तिसऱ्या दिवशी ती धडपडत उठली, दोधूकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि मलाच धडक दिली. दोधू मातीत, माझ्या पोटाला हा एवढा पोचा.

"मारस वं, माय! आजून मारस का?" तो मातीतूनच रडत हसत होता.

तेव्हा मित्रांनो, मेंढीच्या कानामागे, शेपटीखाली रोज हात फिरवा आणि गोचीड दिसली की डॉक्टरांना सांगा. आणि चुनीलालभाऊ हातोडी घेऊन येताना दिसले, तर त्यांना अडवा. हा पोचा मला हवा आहे.