माशाचं आडनाव

फिशर म्हणजे मासेमार, आणि मासेमार म्हणजे समुद्राकडचे, हे आयर्लंडमधल्या डोनेगॉलच्या त्या डोंगराळ गावात सगळ्यांनी धरूनच टाकलं होतं. गंमत अशी, की फिशरांपैकी एकालाही धड होडीत बसता यायचं नाही. एकोणनव्वद वर्षांच्या युनन फिशरना तर बादलीतलं पाणी हललं तरी गरगरायचं!

शेजारचा मॅलकी मॅकगिन्ली रोज सकाळी चहाला यायचा आणि चहाबरोबर एक टोमणा ठरलेला. "तुम्ही काय बुवा, लाटेने आणून टाकलेले उपरे! मूळचे म्हणाल तर आम्ही."

युनन हसून सोडून द्यायचे. पण एका संध्याकाळी ते लेकीला म्हणाले, "डर्वला, आपल्या मूळ घराच्या उंबऱ्यावर मला एकदा उभं राहायचंय गं. कुठे का असेना. चार दगड उरले असले तरी चालतील. मग मी जायला मोकळा."

झालं! डर्वलाने कंबर कसली. दोन वर्षं किनाऱ्यावरच्या गावागावांची जुनी जमीनदफ्तरं चाळली. फिशर म्हटल्यावर माणूस किनाराच धुंडाळणार, दुसरं काय करणार? हाती आला भोपळा.

एके दिवशी मॅलकी आला तो दारातूनच ओरडला, "आज चहा नको, डर्वला! मेंढ्या वरच्या गॅरीब्रॅडनमध्ये चढून बसल्यात मेल्या!"

तो गेल्यावर युनन पुटपुटले, "गॅरीब्रॅडन. ब्रॅडनची वाडी. पण हा ब्रॅडन कोण गं? जन्मभर नाव ऐकतोय, माणूस काही कधी दिसला नाही."

डर्वलाच्या हातातली किटली तशीच राहिली. ब्रॅडन म्हणजे आयरिशमधला 'ब्राडान', आणि ब्राडान म्हणजे सामन मासा, हे शाळेत आयरिश शिकलेलं कुठलंही पोर सांगेल. आणि इंग्रजी राजवटीतल्या कारकुनांची जुनी खोड तिला ठाऊक होती. आयरिश नाव जिभेवर वळलं नाही, की मनाने अर्थ लावून इंग्रजी नाव ठोकून द्यायचे.

"अगं बाई!" ती किंचाळलीच. "बाबा, आपण मासे धरणारे नव्हेच. मासा आपणच!"

बुधवारी तिने डब्लिनच्या दफ्तरखान्यात जाऊन स्वतःच्याच गावाची वही मागवली. दोन वर्षांत तेवढी एकच उघडली नव्हती! गॅरीब्रॅडनच्या पानावर 'ओवेन ब्रॅडन' हे नाव लाल शाईने खोडलेलं होतं, आणि वर लिहिलं होतं, 'ओवेन फिशर'. ओवेन तर तिच्या पणजोबांचं नाव. ती एकाच वेळी रडायला आणि हसायला लागली. समोर बसलेल्या अनोळखी गृहस्थाने आपला रुमाल पुढे केला.

रविवारी युनन एका हाताने काठी टेकत आणि दुसऱ्याने लेकीला धरत मेंढ्यांमधून वाट काढत वर गेले. गुडघाभर भिंती उरल्या होत्या, छप्पर कधीच गेलं होतं. पण दाराचा दगड जागच्या जागी होता. ते त्याच्यावर उभे राहिले. नुसते डोळे पुसत होते.

मॅलकी मागे टोपी हातात घेऊन उभा होता. तोंड एवढंसं झालेलं. "म्हणजे म्हातारबा," तो चाचरत म्हणाला, "इतकी वर्षं मीच तुमच्या घरात मेंढ्या चारत होतो म्हणा की."

युनन उंबऱ्यावरून बाजूला सरकले आणि त्यांनी वाट करून दिली.

"असा परक्यासारखा बाहेर काय उभा राहतोस? ये, आत ये," ते म्हणाले. "पण बूट पुसून."