नाव न घ्यायचं औषध

नित्याने कॉलेजच्या स्वमूल्यमापनाच्या फॉर्मवरच्या सगळ्या चौकटींत सरळ रेघेत खुणा केल्या होत्या: ‘समजतं, दुसऱ्यालाही समजावता येईल.’ विषय होता पुराव्यावर आधारलेलं वैद्यक. पहिलाच प्रश्न, ‘रुग्णाबद्दल नेमका प्रश्न विचारता येतो का?’ मेडिकलच्या तिसऱ्या वर्षाला एवढंही येऊ नये?

तेवढ्यात वरच्या मजल्यावरची सुनेत्रा सात महिन्यांच्या अनयला खांद्यावर टाकून जिना उतरून आली.

“नित्या, सकाळपासून चार उलट्या गं! ह्याचा बाबा तिकडे इरुंगाट्टुकोट्टैच्या कारखान्यात, फोन उचलत नाही. तू डॉक्टर ना? बघ की!”

“व्हायचीय अजून, अक्का,” असं म्हणेस्तोवर तिची बोटं कॉम्प्युटरवर गेलीसुद्धा. लहान बाळाची उलटी, कुठलं औषध? एक लेख म्हणे द्या, दुसरा म्हणे मुळीच नको. ती उठे, अनयचं पोट चाचपून बघे, पुन्हा खुर्चीत. ताप नाही, जुलाब नाहीत. पण पोर मलूल. एरवी तिचं बोट दिसलं की मूठ आवळायचं, आज बघेचना.

“त्याला दिलंय काय तुम्ही?” हे तिला अर्ध्या तासाने सुचलं.

“दूध. आणि गुटी. गॅस धरलाय म्हणून वेखंडाचे वेढे जरा जास्त उगाळले.”

वेखंड? नित्याच्या तमिळ मुलखातल्या तंजावरी मराठी घरात हा शब्द कुणी उच्चारला नव्हता. तिने स्वयंपाकघराकडे मान वळवली. “अम्मा, तूही काही दिलंस?”

विजयलक्ष्मी दारातच घुटमळली. “तेंच की गे. रोज सकाळी खाली खेळायला येतो तेव्हा देते तें. आज पोट दुखतंय म्हणून दुप्पट.”

“तेंच म्हणजे कुठलं?”

“त्याचं नाव घेत नाहीत. गुण जातो.”

“अय्यो अम्मा! नाव राहू दे, वस्तू आण!”

अम्माने दिव्यावर काळं केलेलं मूळ आणलं. सुनेत्राने ते नाकाशी धरलं. “मामी, हे वेखंडच की हो!”

नाव बदललं म्हणून मूळ बदलत नव्हतं. एवढुशा पोटात दोघींच्या मायेची मात्रा गेली होती. नित्याने कॉम्प्युटर तसाच टाकला, हाताला लागला तो कागद उचलला आणि ऑटो थांबवला; अम्माही मागोमाग चढली. सबंध वाटभर ती त्या कागदाने अनयला वारा घालत होती. सिग्नल सुटेना, तशी “सीक्रम, सीक्रम” म्हणत ड्रायव्हरला सारखी घाई करत होती.

तांबरमच्या दवाखान्यात डॉक्टरांनी तमिळमध्ये विचारलं, “काय दिलं होतं?” सुनेत्राला कळलं नाही. नित्याला आईचं नाव पुढे करवेना.

अम्माच पुढे झाली. “वसंबु,” ती वेखंडाचं तमिळ नाव खणखणीत म्हणाली, आणि देवाची माफी मागावी तशा दोन्ही गालांवर चापट्या मारून घेतल्या.

संध्याकाळपर्यंत त्याला तिथेच ठेवलं. पाचला चमच्याने दिलेलं पाणी पोटात टिकलं. सहाला अनयने नित्याचं बोट घट्ट पकडलं.

दुसऱ्या हातातला कागद तिने तेव्हा कुठे पाहिला. फॉर्म होता. वाटेतल्या पाचव्या उलटीने सगळ्या खुणा पुसून गेल्या होत्या. उद्या कोरा मागावा लागणार.